एअरलेस मशीन प्रेशर धरत नाही? पंप उघडायच्या आधी एवढं बघा

पावसाने उघडीप दिली की कोल्हापुरात रंगाची कामं एकदम निघतात. मे महिन्यात गुंडाळून माळ्यावर टाकलेली एअरलेस मशिनं, म्हणजे हवेशिवाय नुसत्या पंपाच्या दाबाने रंग फवारणारी मशिनं, खाली येतात आणि माझ्याकडे तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: "मिस्त्री, मोटर फिरतीया, पण रंग मारंना. पंप गेला बघा."

मशीन टेबलावर घेतलं की वेगळंच दिसतं. पंप खरोखर गेलेला असणं हा अपवाद. दोष एकतर बादलीपासून पंपाच्या तोंडापर्यंतच्या हातभर अंतरात असतो, नाहीतर गनच्या टोकाला. मधला महागडा भाग बहुतेक वेळा ठणठणीत असतो आणि लोक नेमका तोच आधी खोलतात. म्हणून मी ज्या क्रमाने बघतो तो क्रम इथे देतोय. फुकटचं आणि सोपं आधी, खर्चाचं शेवटी.

हे सगळं विजेवर चालणाऱ्या, पिस्टन पंपाच्या लहान-मध्यम मशिनांबद्दल आहे. कॉम्प्रेसरवरची गन हा वेगळा विषय.

लक्षणं

"प्रेशर नाही" या एका तक्रारीत अनेक दोष लपलेले असतात. आपलं मशीन नेमकं काय करतंय ते आधी नीट बघून घ्या.

– मोटर चालते, पण सक्शनच्या, म्हणजे बादलीतून रंग ओढणाऱ्या नळीत रंग चढतच नाही. परतीच्या बारीक नळीतून नुसते बुडबुडे येतात, किंवा काहीच येत नाही.
– व्हॉल्व प्राइमवर असताना, म्हणजे रंग गनकडे न जाता परतीच्या नळीने बादलीत येतो तेव्हा, रंग धो धो फिरतो, पण व्हॉल्व स्प्रेवर केला की गनमध्ये जोर नाही.
– फवारा येतो, पण पट्ट्याच्या दोन्ही कडांना जाड रेघा पडतात. पेंटर लोक याला शेपट्या म्हणतात.
– खटका दाबल्यावर पहिला झटका जोरात, मग पट्टा आखडत जातो. खटका सोडून थांबलं की पुन्हा पहिला झटका जोरात.
– गन बंद असताना मोटर थांबायला हवी, ती थांबत नाही. किंवा थांबते आणि थोड्या थोड्या वेळाने आपोआप एक ठोका मारते.
– पंपाच्या वरच्या नटापाशी, जिथे दांडा आत-बाहेर होतो तिथे, रंग पाझरतो.
– मोटर नुसती गुणगुणते, किंवा एमसीबी पडते.

पहिलं लक्षण असेल तर सक्शनच्या बाजूला बघायचं. दुसरं असेल तर जाळ्या, टिप आणि प्राइम व्हॉल्व. तिसरं-चौथं असेल तर जाळ्या, टिप (गनच्या टोकाचं बारीक भोकाचं तोंड) आणि वीज. पाचवं-सहावं असेल तरच पंपाच्या पोटाचा विचार करायचा. शेवटचं लक्षण असेल तर बादली आणि वायर तेवढी बघा, बाकीचं आमच्यावर सोडा.

आधी दाब सोडा, मग हात लावा

हा भाग ओलांडून पुढे जाऊ नका. या मशीनमध्ये रंगावर ३००० पीएसआयपर्यंत, म्हणजे साधारण २०० बार दाब असतो. मोटारीच्या चाकात ३०-३५ पीएसआय हवा असते, तिच्या जवळजवळ शंभरपट. टिपचं भोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून बारीक. एवढ्या दाबाची धार कातडीतून सरळ आत घुसते, हातमोज्यातूनही घुसते. वरून बारीकसा ठिपका दिसतो आणि सुरुवातीला फारसं दुखतही नाही. आत मात्र रंग बोटाच्या कंडरांच्या कडेने हातभर पसरत असतो.

असं कुणाच्या बाबतीत झालं तर पिळून रंग काढत बसू नका, हळद लावू नका, धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन घरी येऊ नका. ही शस्त्रक्रियेची केस असते आणि बोट वाचणं तासांवर अवलंबून असतं. सीपीआर (आपलं सरकारी रुग्णालय) असो की खासगी, जिथे हाताची शस्त्रक्रिया होते तिथे लगेच जा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. तिथे "टोचलंय" असं सांगू नका. "हाय प्रेशर मशीनमधून रंग हाताच्या आत गेलाय" असं सांगा आणि रंगाचा किंवा थिनरचा डबा सोबत न्या. ऑइलपेंट आणि थिनर आतल्या मांसाचं जास्त नुकसान करतात, त्यामुळे डॉक्टरांना नेमकं काय आत गेलंय ते कळायला हवं.

दाब सोडायची पद्धत अशी. मशीन बंद करा, प्लग काढा. गनचा खटका लॉक करा. प्रेशरची खुंटी सगळ्यात कमीवर आणा. व्हॉल्व प्राइमवर फिरवा, परतीच्या नळीतून फस्सकन थोडा रंग येईल. मग लॉक काढून गन बादलीत धरा, खटका दाबा, आणि परत लॉक करा.

टिप चोंदलेली असेल तर एवढं करूनही होजमध्ये, म्हणजे मशीनपासून गनपर्यंतच्या नळीत, दाब अडकून राहू शकतो. तशी शंका आली तर टिपच्या गार्डचा नट किंवा होजचा जोड अगदी सावकाश, थोडा थोडा सैल करा. हात आणि तोंड त्याच्या समोर आणू नका. आणि होजला कुठे गळती दिसली तर ती हाताने किंवा फडक्याने दाबून बघायची नाही, टेप गुंडाळायची नाही. होज बदलायचाच. पुढे जिथे जिथे "काढा" म्हटलंय तिथे तिथे हे सगळं आधी केलंय असं मी धरून चाललोय. फक्त व्हॉल्व प्राइमवर करून भागत नाही.

बादली

सगळ्यात स्वस्त तपासणी, आणि सगळ्यात जास्त मशिनं इथेच सुटतात.

"रंग गाळून घेतलासा का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: "गाळलाय की." मग गाळणी दाखवायला सांगितली की डासांच्या जाळीचा तुकडा पुढे येतो. डासांच्या जाळीचं भोक मिलिमीटरभराचं. मशीनमधल्या ६० मेशच्या जाळीचं भोक पाव मिलिमीटर. या दोन मापांच्या मधले सगळे गोळे, सालपटं, ब्रशचे केस सरळ आत जातात आणि आतल्या जाळीवर बसतात. रंग गाळायचं नायलॉनचं बारीक कापड मिळतं ते घ्या. ते हाताशी नसेल तर जुनी नायलॉनची ओढणी दुहेरी करून चालते. सुती कापड नको, त्याचे धागे सुटतात.

डबा उघडल्यावर वर साय दिसली तर ती ढवळून आत मोडू नका, अख्खी उचलून टाकून द्या. ड्रिलला पाते लावून जोरात घुसळलेला रंग लगेच मशीनला देऊ नका. त्यात हवा भरलेली असते आणि पंपाला हवा दाबता येत नाही. थोडा वेळ बसू द्या.

रंग किती पातळ करायचा हे डब्यावर लिहिलेलं असतं, तेवढंच करा. फार जाड असेल तर मशीन ओढत नाही. फार पातळ केला तर फवारा छान येतो, पण भिंतीवर ओघळ येतात आणि झाकही बसत नाही. पुट्टी, सिमेंट पेंट आणि पावडरचं डिस्टेंपर या लहान मशीनमधून मारायचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण हाताने मारायचा कंटाळा येतो. माझं मत स्पष्ट आहे, मारू नका. त्यातले कण पॅकिंग (दांड्याभोवती आणि पिस्टनवर दाब अडवणाऱ्या कड्या) आणि पंपाचा दांडा खरवडून काढतात. पुट्टीसाठी वेगळी, मोठी मशिनं असतात.

आता पाण्याची परीक्षा. मशीनमध्ये आधी पाण्याचा रंग, म्हणजे इमल्शन, होता असं धरू. सक्शनची नळी स्वच्छ पाण्याच्या बादलीत टाका, व्हॉल्व प्राइमवर ठेवा, खुंटी मधोमध ठेवा आणि चालू करा. पाणी झटकन ओढून परतीच्या नळीतून सलग धार आली, तर सक्शनची बाजू ठीक आहे आणि दोष रंगात किंवा पुढे जाळ्या, टिप, व्हॉल्व यांत शोधा. पाणीही ओढत नसेल तर पुढचं हवेचं आणि चिकटलेल्या बॉलचं बघा. शेवटचं काम ऑइलपेंटचं असेल तर पाण्याऐवजी टर्पेंटाइन घ्या आणि ते फक्त प्राइमवर फिरवून बघा. गनमधून हवेत फवारू नका. टर्पेंटाइनचं धुकं आणि मोटरच्या कार्बन ब्रशची ठिणगी एका खोलीत नको.

वीज

नवीन बांधकामावर तात्पुरतं कनेक्शन, तिथून कुणाचं तरी एक्स्टेन्शन, त्याला आणखी एक जोडलेलं, आणि त्यावर मशीन. शेवटी मशीनपर्यंत २३० च्या जागी किती व्होल्ट पोचतात ते मीटर लावून बघितलं की नवल वाटतं. मशीन बंद असताना बघून उपयोग नाही, खटका दाबून काम चालू असताना बघा. २१० च्या खाली घसरत असेल तर मोटर दाब धरणार नाही आणि आतल्या कंट्रोल बोर्डवर ताण येणार.

वायर तीन पदरी, अर्थिंगसह, २.५ स्क्वेअर एमएमची घ्या आणि रीळ पूर्ण उलगडून वापरा. गुंडाळलेली वायर तापते. लांब जायचं असेल तर वायर लांबवण्यापेक्षा रंगाचा होज लांबवणं बरं. तेवढाच फायदा म्हणजे मशीन फवाऱ्यापासून लांब राहतं. ऑइलपेंट मारताना ते निदान २० फूट दूर असायलाच हवं.

तीन जाळ्या

बहुतेक मशीनमध्ये जाळ्या तीन असतात. एक सक्शनच्या नळीच्या टोकाला, एक पंपाच्या बाहेर उभ्या नळकांड्यात, एक गनच्या मुठीत. पहिली सगळ्यांना माहीत असते, मुठीतली काहींना, आणि मधली जवळजवळ कुणालाच नाही. ती वर्षानुवर्षं उघडलेलीच नसते. काही लहान मशिनांत मधली नसतेही.

पहिला झटका जोरात आणि मग पट्टा आखडतो, हे लक्षण बहुधा चोंदलेल्या जाळीचं. खटका सोडलेला असताना दाब हळूहळू भरून येतो, दाबल्यावर मात्र जाळी पुरेसा रंग जाऊ देत नाही. जाळी काढून जुन्या दातांच्या ब्रशने धुवा आणि उजेडासमोर धरून बघा. भोकं दिसत नसतील किंवा जाळी चेमटली असेल तर नवीन घाला. इमल्शनला ६० मेश, ऑइलपेंटला आणि बारीक टिपला १०० मेश. जाळी काढून टाकून मशीन चालवायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. मग टिप तासातासाला चोंदते आणि ती साफ करताना माणसं बोट समोर धरतात.

टिप

शेपट्यांची तक्रार आली की बहुतेक जण प्रेशरची खुंटी शेवटपर्यंत फिरवतात. दाब वाढवून शेपट्या जात असतील तर ठीक, पण जातील तिथेच थांबा. शेवटपर्यंत फिरवूनही जात नसतील तर टिप झिजलेली आहे.

टिपवरचा नंबर वाचायला शिका. ५१७ असेल तर पहिल्या आकड्याची दुप्पट, म्हणजे १० इंच, हा पट्टा. तो भिंतीपासून १२ इंचावर गन धरल्यावर मिळतो. मागचे दोन आकडे म्हणजे भोक, इंचाचे १७ हजारांश, साधारण ०.४३ मिलिमीटर. टिप झिजते तेव्हा हे लांबट भोक गोल आणि मोठं होतं. पट्टा अरुंद होतो आणि रंग जास्त जातो. जुन्या पत्र्यावर एक पट्टा मारून टेपने मोजा. १० इंचाचा साडेसात झाला असेल तर टिप बदला. लोक टिपेचे पैसे वाचवतात आणि त्याच्या कितीतरी पट रंग भिंतीवर जास्तीचा ओततात.

याच्यात आणखी एक गोम आहे, आणि तिच्यामुळे चांगली मशिनं विनाकारण दुरुस्तीला येतात. प्रत्येक मशीनला जास्तीत जास्त किती भोकाची टिप चालेल ते ठरलेलं असतं आणि लहान मशिनांत ही मर्यादा बरीच खाली असते. मशीनची मर्यादा ०.०१७ असेल आणि टिप झिजून ०.०२१ झाली असेल, तर पंप जेवढा रंग देऊ शकतो त्याहून जास्त भोकातून निघून जातो. मग दाब कधीच भरत नाही. मोटर सतत पळते, माणूस म्हणतो पंप गेला. नवीन टिप लावली की मशीन पुन्हा उभं राहतं. त्यामुळे पंपावर संशय घेण्याआधी एक कोरी टिप लावून बघाच. पेंटरकडे एक टिप न वापरलेली, फक्त तपासणीसाठी ठेवलेली असावी.

टिप चोंदली तर ती उलटी फिरवा, बादलीत एक झटका मारा, पुन्हा सुलटी करा. तेवढ्यानं निघालं नाही तर दाब सोडून, गार्ड काढून, योग्य द्रावणात भिजवून मऊ ब्रशने धुवा. सुई, दाभण, तार घालू नका. टिपचं तोंड टंगस्टन कार्बाइडचं असतं. ते कठीण असतं तसंच ठिसूळही असतं, कड उडाली की पट्टा कायमचा वाकडा. बोटानं पुसणं तर नाहीच.

हवा कुठून ओढतंय

पाण्याच्या परीक्षेत परतीच्या नळीतून धार न येता फक्त बुडबुडे येत राहिले, तर पंप पाण्याबरोबर हवाही ओढतोय. सक्शनच्या नळीचा नट हाताने घट्ट आहे का बघा. मग तो काढून आतलं ओरिंग (रबराची गोल कडी) बघा. धुताना ते निसटून बादलीत पडतं आणि पाण्याबरोबर गटारात जातं, हे नेहमीचं. नवीन ओरिंग घेताना जुनं सोबत न्या आणि थिनरला टिकणारं मागा. साधं रबर थिनरमध्ये फुगतं.

नळीला बारीक चीर असेल तर ती डोळ्याला दिसत नाही. जोडांवर आणि नळीवर बाहेरून साबणाचं पाणी लावून चालवा. जिथे फेस आत ओढला जातो तिथे चीर.

चिकटलेला बॉल

माळ्यावरून काढलेल्या मशीनचा हा ठरलेला आजार. पंपाच्या तळाशी, सक्शनची नळी जिथे जोडतात तिथे, एक छोटा बॉल असतो. पिस्टन वर जाताना तो उचलला जाऊन रंग आत येतो, पिस्टन खाली येताना तो बसकणीवर बसून वाट बंद करतो. मे महिन्यात मशीन घाईघाईत धुतलं असेल तर बॉल आणि बसकणीच्या मध्ये रंगाचा पातळ थर राहतो आणि वाळून दोघांना चिकटवून टाकतो. मोटर फिरते, पिस्टन वर-खाली होतो, पण दारच उघडत नाही.

काही मशिनांना यासाठी बाहेरून दाबायचं एक बटण असतं. ते दोन-चार वेळा दाबा. बटण नसेल तर सक्शनची नळी काढा आणि खालच्या भोकातून बोथट लाकडी काडीने किंवा पेन्सिलीच्या मागच्या टोकाने बॉल वर ढकला. तो किंचित वर गेला आणि परत खाली आला पाहिजे. टोकदार स्क्रू ड्रायव्हर घालू नका, बसकणीला ओरखडा पडला तर मग खरंच खर्च आला. ढकलूनही हलत नसेल तर शेवटचा रंग पाण्याचा असेल तर कोमट पाणी, ऑइलपेंट असेल तर टर्पेंटाइन खालून भरून थोडा वेळ ठेवा आणि पुन्हा ढकला. नळी जोडून, प्राइमवर मशीन चालू ठेवून, पंपाच्या खालच्या धातूच्या भागावर लाकडी मुठीने हलकेच ठोकणं हाही चालणारा उपाय आहे.

बॉल सुटला तरी मशीन ओढत नसेल तर सक्शनची नळी आधी पाण्याने भरून मग जोडा. कोरड्या पंपाला पहिला घोट घेणं जड जातं.

बॉल काढून बघितलाच तर तो हातावर फिरवून बघा. खड्डे किंवा गंज असेल तर बदला. इथे एक इशारा. सायकलच्या बेअरिंगचा छर्रा मापाने बसतो म्हणून घातलेली मशिनं माझ्याकडे येतात. तो साध्या पोलादाचा असतो, पाण्याच्या रंगात लवकरच गंजतो आणि बसकणीही खातो. मूळ बॉल स्टेनलेसचा किंवा त्याहून कठीण धातूचा असतो. तोच मागवा.

प्राइम व्हॉल्व

व्हॉल्व स्प्रेवर असताना परतीच्या नळीतून रंग ठिबकत असेल तर दाब तिथून पळतोय. आत कचरा अडकला असेल तर स्वच्छ पाणी कमी दाबावर चालवून व्हॉल्व चार-पाच वेळा प्राइम-स्प्रे, प्राइम-स्प्रे असा फिरवा, बहुधा निघतो. नाही निघाला तर व्हॉल्व नवीन घाला. तो पाना लावून बदलता येतो.

परतीच्या नळीच्या टोकात बोल्ट ठोकून गळती "बंद" केलेली मशिनं मी बघितली आहेत. दाब सोडायची वाट हीच आहे. बऱ्याच मशिनांत दाब हाताबाहेर गेला तर हाच व्हॉल्व आपोआप उघडतो. ती वाट बुजवली की पुढचं कमकुवत ठिकाण होज असतो, आणि होज तुमच्या हातात असतो. असं मशीन कामावर दिसलं तर मी ते चालू करत नाही, आणि तुम्हीही करू नका.

पॅकिंग

एवढं सगळं ठीक असेल तरच पंपाकडे वळा. उघडण्याआधी एक परीक्षा करा. पाण्यावर चालवून दाब भरू द्या आणि गन बंद करा. पिस्टन जिथे असेल तिथे थांबायला हवा. पुढचं झाकण काढून आत हात घालायची गरज नाही, आवाजावरून किंवा दांडा दिसत असेल तर डोळ्याने कळतं. गन बंद असतानाही दांडा खाली सरकत राहिला तर खालचा बॉल नीट बसत नाही. वर सरकत राहिला तर पिस्टनचं पॅकिंग झिजलंय किंवा पिस्टनमधला वरचा बॉल. दोन्हीकडे सरकला तर दोन्ही दोष, तुमचं नशीब.

वरच्या नटापाशी रंग पाझरत असेल आणि मशीनला तो नट आवळायची सोय असेल, तर आधी नट थोडासा आवळा. पाझर थांबेल एवढाच. जास्त आवळला तर पॅकिंग दांड्याला घासून लवकर जळतं. रोज काम सुरू करण्याआधी तिथे पॅकिंगच्या तेलाचे चार-पाच थेंब सोडायचे असतात. ती बाटली मशीनबरोबरच मिळते आणि बहुतेकांकडे ती सीलबंदच असते.

पॅकिंगचा संच मूळ मॉडेलचा घ्या. चामड्याच्या कड्या असतील तर बसवण्याआधी तेलात भिजवाव्या लागतात आणि प्रत्येक कडीचा ओठ ठरलेल्या बाजूला असावा लागतो. उलटी बसली की दाब धरत नाही. मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवून, काढताना मोबाइलवर फोटो काढत काम करू शकत असाल तर घरी करा. नाहीतर हे काम करणाऱ्याकडे द्या.

आता थांबा

पॅकिंग बदलताना दांड्यावर नख फिरवा. नख अडकेल एवढा ओरखडा असेल तर नवीन पॅकिंग घालून उपयोग नाही, तेही लगेच फाटेल. दांडा बदलावा लागतो. इथे प्रत्येक कोल्हापूरकराच्या मनात एकच विचार येतो: उद्यमनगरात (लेथ-वर्कशॉपच्या वस्तीत) नेऊन टर्निंग करून घेऊ. उद्यमनगरातल्या कारागिरांवर माझा पूर्ण विश्वास आहे, तिथे काय बनत नाही ते विचारा. पण या दांड्यावर कठीण क्रोमचा थर असतो आणि तो आरशासारखा घासलेला असतो. साध्या बारमधून बनवलेला दांडा मापात बरोबर असूनही पॅकिंग खातो. होजचे आणि गनचे जोड तर कधीच बाहेर बनवून घेऊ नका. पाण्याच्या लाइनचा निपल आट्याला बसला म्हणून २०० बार सोसेल असं नाही.

याशिवाय पुढचं काहीही दिसलं तर प्लग काढा आणि सर्व्हिसवाल्याला फोन करा.

मशीनला हात लावला की शॉक लागतो. जळका वास येतो किंवा एमसीबी पुन्हा पुन्हा पडते. मोटर गुणगुणते पण फिरत नाही. कार्बन ब्रश बदलूनही मोटर थांबत थांबत चालते. प्रेशरची खुंटी फिरवली तरी दाब जास्तीतच राहतो, कमी होत नाही. हे सेन्सरचं किंवा बोर्डचं काम आहे आणि सगळ्यात धोक्याचं. गिअरच्या डब्यातून खडखड येते. गनचा खटका सोडला तरी फवारा चालूच राहतो. होज कुठे फुगलाय किंवा आतली तार दिसतेय.

यात धाडस करून पैसे वाचत नाहीत. बोर्ड कुणी सोल्डर करून देतो म्हणाला तरी मी देत नाही.

पावसाळ्याआधी मशीन ठेवताना

वरचे बरेचसे दोष मशीन नीट धुवून ठेवलं असतं तर आलेच नसते. पाण्याचा रंग असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, जाळ्या आणि टिप वेगळ्या धुवा. ऑइलपेंट असेल तर टर्पेंटाइनने धुवा. एका रंगातून दुसऱ्यात जाताना क्रम चुकवू नका. पाण्याच्या रंगानंतर आधी भरपूर पाणी, मग टर्पेंटाइन. उरलेल्या इमल्शनवर थेट टर्पेंटाइन ओतलं की आत दह्यासारख्या गाठी होतात आणि त्या जाळ्यांत जाऊन बसतात. उलट्या बाजूने येताना टर्पेंटाइन, मग साबणाचं पाणी, मग साधं पाणी.

पेट्रोलने धुणारे लोक आहेत. धुऊ नका. एनसी थिनरही (लॅकरचा थिनर) लहान विजेच्या मशीनमध्ये नको, तो खोलीच्या तपमानालाच पेट घेतो. काही मशिनांच्या पुस्तकात ३८ अंशांच्या खाली पेटणारी द्रावणं घालू नयेत असं स्पष्ट लिहिलेलं असतं. टर्पेंटाइनने धुताना टिप काढून, कमी दाबावर, उघड्या जागेत, पत्र्याच्या बादलीत धुवा आणि गनचा धातू बादलीच्या कडेला टेकवून ठेवा. बादली सिमेंटच्या जमिनीवर असू द्या, प्लास्टिकच्या कागदावर किंवा पुठ्ठ्यावर नको. वेगाने वाहणाऱ्या द्रावणाने स्थिर वीज तयार होते. पत्र्याची बादली ती जमिनीत सोडते, प्लास्टिकची सोडत नाही. ऑइलपेंटच्या कामाला रुमाल बांधून भागत नाही, वाफ अडवणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लागतो. धुतानाही तोच लावा.

चार महिने ठेवायचं मशीन पाणी भरून ठेवू नका. आपल्याकडच्या दमट हवेत बॉल, स्प्रिंग आणि बसकणी गंजतात. शेवटचं पाणी काढून, मशीन प्राइमवर ठेवून साठवणीचं तेल, ते नसेल तर टर्पेंटाइन ओढू द्या आणि पंपात तसंच राहू द्या. वरच्या नटापाशी पॅकिंगच्या तेलाचे थेंब सोडा. व्हॉल्व प्राइमवरच ठेवा, खुंटी कमीवर. होज सैल गुंडाळा. आणि आत काय भरलंय ते कागदावर लिहून हँडलला बांधा. पुढच्या वेळी मशीन चालू करणारा दुसराच कुणी असेल, आणि त्याने आतलं टर्पेंटाइन साबणाच्या पाण्याने धुवून न काढता इमल्शन ओढलं तर गाठींचं काम पहिल्यापासून सुरू.